कायमची ओळ

आमच्या बाई पेपरात आल्या त्या फक्त पंधरा दिवसांसाठी. यातला एक शब्दही मी फुगवलेला नाही. पुढे फुगवीन, पण तो फुगा तुम्हाला लांबून दिसेल, आणि ज्यावर तुमचा मुळीच विश्वास बसणार नाही ते नेमकं घडलेलं असेल.

पेपर त्यांच्या वडिलांनी काढलेला. संध्याकाळचं दैनिक, चार पानांचं. दुपारी एकला पानं बंद, अडीचला छपाई, चारला रस्त्यावर. वडील छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले तेव्हा बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होत्या. वय चौतीस. मुख्याध्यापिकेच्या टेबलावर पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज ठेवून त्या आमच्या जिन्याच्या बत्तीस पायऱ्या चढून आल्या, छत्री कोपऱ्यात टेकवली, संपादकाच्या खुर्चीशेजारी एक स्टूल ओढलं आणि आजचा अग्रलेख कशावर आहे म्हणून विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनीच लिहायला घेतला. खुर्चीवर बसल्या नाहीत. खुर्ची वडिलांची होती आणि वडील बरे होऊन येणार होते.

सोळाव्या दिवशी वडील गेले.

बाईंनी स्वतःच्या हातानं मृत्युलेख लिहिला. दोन कॉलम. त्यात वडिलांचे गुण होते आणि दोन दोषही होते, कारण वडिलांनीच त्यांना तसं लिहायला शिकवलं होतं. पान बंद व्हायच्या बेतात असताना त्यांचा धाकटा भाऊ वर आला. वडिलांमागे पेपरचा मालक तो. त्याचं गाद्यांचं दुकान होतं आणि पेपर त्याला पलंगाखाली निघालेल्या मांजरासारखा वाटायचा; पाळवत नाही आणि हाकलवतही नाही. तो म्हणाला, मृत्युलेख उद्या घेऊ. संपादक गेला असं छापलं तर मग आजचा पेपर काढला कुणी, असं लोक विचारणार. बाईमाणसानं काढला म्हणावं तर परवा कुणी हातात धरणार नाही. चांगला संपादक मिळेपर्यंत ताईनं जरा बघावं. शोध आजच सुरू करतो.

तो शोध सव्वीस वर्षं चालला.

आता एक गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पेपराच्या शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते. छापखाना अमुक, मालक अमुक, संपादक अमुक. त्या काळी शिशाचे खिळे एकेक करून मजकूर जुळवायचा आणि छापून झालं की सगळे खिळे सोडून पुन्हा आपापल्या खणांत टाकायचे. ही एक ओळ मात्र सोडायची नाही. फोरमन ती सुतळीनं बांधून लाकडी खोक्यात ठेवायचा आणि रोज दुपारी पानाच्या तळाशी बसवायचा. आम्ही तिला कायमची ओळ म्हणायचो. मी तिथला मुद्रितशोधक, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढणारा. मला बाईंच्या वडिलांची पहिल्याच दिवशी ताकीद होती की कायमची ओळ तपासायची नाही. एकदा तपासलेली आहे. पुन्हा वाचली की माणसाला ती सुधारावीशी वाटते. मी आज्ञाधारक माणूस. जे काम करू नकोस म्हणतात ते मी आयुष्यात कधी केलेलं नाही.

तर त्या ओळीत संपादक म्हणून वडिलांचं नाव तसंच राहिलं. तुम्ही म्हणाल, शहराला कळलं कसं नाही? अहो, अर्धं शहर त्यांना पोचवायला आलं होतं. पण पेपरात आलं नाही म्हटल्यावर लोकांची खात्री होईना. त्यात रोज संध्याकाळी अग्रलेख येतच होता. वर्षभरात निम्मे लोक म्हणू लागले की गेले ते त्यांचे थोरले बंधू असतील. समोरच्या रस्त्यावर दुसरा पेपर होता, त्याच्या संपादकाला आम्ही ‘शेजारी’ म्हणायचो. हा शेजारी तर स्वतः खांदा देऊन आलेला. पण तीन वर्षांनी तोच चारचौघांत म्हणाला, की म्हातारा उतारवयात चांगला लिहायला लागलाय. आधी नुसता ओरडायचा. हल्ली आधी बघून येतो आणि मग बोलतो.

हे बाईंच्या कानावर गेलं. त्यांनी ते वाक्य दोनदा ऐकून घेतलं आणि पुढच्या बातमीचा मथळा मागितला.

बघून येतो हे मात्र खरं होतं. बाईंच्या सातव्या वर्षी नदीवरच्या नव्या पुलाचं प्रकरण झालं. पूल सुरक्षित असल्याचं इंजिनियरनं लिहून दिलं होतं. बाई भर उन्हात छत्री घेऊन पुलाखाली उतरल्या आणि बोल्ट मोजून आल्या. असायला हवे होते चारशे ऐंशी, होते चारशे अकरा. अग्रलेखात त्यांनी एकही जड शब्द वापरला नाही, फक्त नसलेले बोल्ट कुठे कुठे नाहीत ते क्रमानं लिहिलं. म्हणतात की तो लेख वाचताना इंजिनियर पुलावरच होता आणि वाचून झाल्यावर बोटांच्या टोकांवर चालत परत आला. पूल बंद झाला. कोर्टाचं समन्स आलं, तेही वडिलांच्या नावानं. बाई गेल्या. न्यायाधीशांनी विचारलं, संपादक स्वतः का येत नाहीत? बाई म्हणाल्या, त्यांना चालवत नाही. बोलतात का? हल्ली कमी, बाई म्हणाल्या. एकही शब्द खोटा नव्हता. खटला त्या जिंकल्या, आणि वडिलांना पुरेशी विश्रांती घेऊ द्या, असं न्यायाधीशांनी त्यांना वर सांगितलं.

वडील घेतच होते. प्रश्न बाईंचा होता.

माणूस एका दिवसात दमत नाही. खिळ्यासारखा झिजतो. आधी कड बोथट होते, मग अक्षर जाड उमटायला लागतं. बाईंचं तसंच झालं. दहाव्या वर्षी त्या जिन्याच्या सोळाव्या पायरीवर थांबून खाली बघायला लागल्या, जणू काही विसरलंय. अठराव्या वर्षी आठव्या पायरीवर. बाविसाव्या वर्षी त्यांनी बहाणा सोडला आणि सरळ पायरीवर बसायला लागल्या. ज्यांना बातमी दाखवायची ते तिथेच दाखवायचे, त्यामुळे आमच्या पेपराच्या कितीतरी मोठ्या बातम्या जिन्यात ठरलेल्या आहेत. त्यांचा चहा सकाळी दहाला यायचा आणि एकला, पानं बंद झाल्यावर, थंडगार प्यायला जायचा. एकदा गरम चहा पुढे आला तर त्यांनी तो दुसऱ्याचा समजून सरकवून दिला. डोळे गेले, गुडघे गेले. स्टूल तेच. खुर्चीवर वडिलांचा कोट होता, तो दर वर्षी झटकून परत अडकवला जायचा, आणि खरं सांगतो, दोघांत कोटाची तब्येत चांगली होती.

सव्विसाव्या वर्षी एका मंगळवारी बाईंनी अग्रलेख संपवला, टोपण लावलं आणि कोऱ्या कागदावर चार ओळींचा राजीनामा लिहिला. त्यातही सवयीनं एक शब्द खोडला. मग माझ्याकडे दिला. मी तपासला. चूक नव्हती. “चला,” त्या म्हणाल्या, “साक्षीला तुम्ही.” असे आम्ही गाद्यांच्या दुकानात गेलो.

मालकानं तो कागद वाचला, उलटा करून मागं काही आहे का बघितलं, आणि त्याला खरोखरच कोडं पडलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त उद्या नावाच्या दिवसावर अपार श्रद्धा होती.

“ताई, राजीनामा कशाचा?”

“संपादकपदाचा.”

“पण तू संपादक कुठे आहेस? तू बघतेस.”

बाई समोरच्या गादीवर बसल्या. विक्रीची होती, प्लास्टिकमधली, करकरली. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग मी न बघता जाते. त्याला तो घाबरला. मग म्हणाला, जायचं तर जा बाई, साठीला आलीस, अडवणारा मी कोण. पण गाजावाजा नको. ओळ आहे तशी राहू दे. बाबांच्या नावावर पेपर चालतो.

यावर बाई गादीवर मागे टेकल्या. मला वाटलं झोपल्या. गादी चांगली होती.

“मला एक दिवस हवाय,” शेवटी त्या म्हणाल्या. “एका दिवसाच्या अंकात त्या ओळीत माझं नाव घाल. दुसऱ्या दिवशी मी जाते. मोठ्या अक्षरात नको, बातमी नको. आहे तेवढ्याच बारीक टायपात, आहे तिथेच. इतकी वर्षं केलं ते कुठेतरी छापलेलं असू दे.”

“आणि बाबा?”

“बाबांना तेव्हाच जाऊ द्यायला हवं होतं.”

मालक म्हणाला, लोक काय म्हणतील? मेलेल्या माणसाचं नाव सव्वीस वर्षं छापलं म्हणून शेण घालतील तोंडात. आणि पुढे बाईचं नाव बघून उरलेले पेपर टाकतील. आपण उद्या बोलू. तू फार दमली आहेस. मी तुझ्या घरी एक चांगली गादी पाठवतो, दुकानातली सगळ्यात भारी.

गादी त्याच संध्याकाळी आली. बाईंनी ती भिंतीला उभी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता, एरवी ज्या वेळी त्यांना हाक मारलेली चालत नसे त्या वेळी, त्या स्टुलावरून उठल्या आणि मला म्हणाल्या, खाली चला, आज एक ओळ तपासायची आहे. मी म्हटलं, कुठली? त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, मालक? त्या म्हणाल्या, मालक गाद्या विकतोय.

खाली खिळे जुळवायची लांबट खोली होती. उंच खिडक्या, उतरत्या फळ्यांवर खणाखणांच्या पेट्या, शाईचा आणि रॉकेलचा वास. फोरमन तेव्हा सत्तरीला टेकलेला. सगळे त्याला काका म्हणत, बाईसुद्धा. तो बहिरा नव्हता, पण यंत्रं चालू असताना माणूस जेवढं बोलतो तेवढंच बंद असतानाही बोलायचा. बाईंनी त्याला सांगितलं, काका, कायमची ओळ आज नव्यानं जुळवायची. संपादक म्हणून माझं नाव टाकायचं. मालक रागावले तर माझ्यावर ढकला.

काकानं चिमटा खाली ठेवला. खोक्यातून ती ओळ काढली, हातात धरली आणि नुसता उभा राहिला.

“काका, ऐकलंत ना?”

“ऐकलं. पण बदलायचं काय?”

बाईंनी पुन्हा सांगितलं. काकानं ती ओळ त्यांच्यापुढे धरली. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, आरशातल्यासारखी. त्याच्यासारखे लोक ती सरळ वाचतात, आपल्याला डोळे फिरवावे लागतात. बाईंचे डोळे आधीच गेलेले. मग त्यानं ओळीवर शाईचा रूळ फिरवला, ओलसर कागदाची पट्टी ठेवली, हाताच्या तळव्यानं दाबली आणि सोलून त्यांच्या हातात दिली.

बाईंनी पट्टी खिडकीशी नेली. मग माझ्याकडे दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा कायमची ओळ तपासली. छापखाना बरोबर, मालक बरोबर. संपादक म्हणून बाईंचं नाव.

“हे कधी केलंत?” बाई म्हणाल्या.

“आत्ता नाही केलं. तुमच्या सातव्या वर्षी, पुलाच्या लेखाच्या दिवशी.” काका शर्टाच्या बाहीनं ओळीवरची शाई पुसत होता. “सुतळी कुजली होती. ओळ हातातून पडली, खिळे सगळीकडे. एक वाजत आलेला. जुना अंक शोधायला वेळ कुणाला? डोक्यातून जुळवली. संपादक म्हटल्यावर जे डोक्यात आलं ते हातानं उचललं.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगायचं काय? पान सहीला तुमच्याकडेच आलं होतं. त्या ओळीच्या बोटभर वर तुम्ही सही केलीत. म्हटलं, वाचलं असणार. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मी बोललो नाही.” मग तो म्हणाला, “आठ दिवस वाट बघितली, मालक ओरडतील म्हणून. नाही ओरडले. म्हटलं, घरात ठरलं असेल.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छत चांगलं होतं, त्यात चूक नव्हती.

आम्ही जुन्या अंकांच्या बांधीव फायली काढल्या. धूळ इतकी, की एका फायलीत मला माझाच तरुणपणीचा केस सापडला, काळा होता. पुलाच्या आदल्या दिवसापर्यंत वडील. पुलाच्या दिवसापासून बाई. एकोणीस वर्षं, रोज, हजारो प्रती, शहरातल्या प्रत्येक टेबलावर. शेजाऱ्यानं वाचली नाही. मालकानं वाचली नाही. पुलाच्या लेखाचं समन्स ज्या अंकावर काढलं त्याच अंकावर बाईंचं नाव होतं, पण कोर्टाच्या कारकुनानं नाव उतरवलं ते आधीच्या समन्सवरून. आणि एवढ्या शहरात ज्याला फक्त वाचण्यासाठीच ठेवलं होतं तो तर मीच.

काकानं पानं बंद केली, कारण एक वाजला होता. त्या दिवशीही ती ओळ होती तशीच गेली.

मला वाटलं होतं, बाई हसतील. निदान रडतील. त्या एका रिकाम्या पेटीवर बसल्या आणि पट्टी गुडघ्यावर ठेवून ती सरळ करत राहिल्या.

“मला वाटायचं, नाव नाही म्हणून मी दमते,” त्या म्हणाल्या. “नाव असतानाही तेवढीच दमले की हो.”

काकानं स्वतःचा चहा त्यांच्यापुढे केला. गरम होता. या खेपेला त्यांनी सरकवला नाही.

चारला अंक बाहेर पडला आणि साडेचारला मालक वर आला, गादी आवडली का ते विचारायला. बाईंनी त्याच्यापुढे ताजा अंक ठेवला, भिंग ठेवलं आणि बोट ठेवलं. तो आधी संतापला, की माझ्या परवानगीशिवाय आज हे. मग मी एकेक फाईल उघडून ठेवू लागलो. पाचव्या फायलीला तो बसला. बाराव्या फायलीला त्यानं विचारलं, की लोक काही म्हणाले नाहीत? नाही, मी म्हटलं. एकसुद्धा पत्र नाही? बोल्टांवर आली आहेत, पावणेदोनशे.

तो बराच वेळ भिंगातून आपल्या बहिणीचं नाव वाचत बसला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. गादीवाल्याला गिऱ्हाईक फिरताना दिसलं की असा उजळतो.

“म्हणजे ताई, तू संपादक आहेस.”

“आहे.”

“मग असा उद्याच्या उद्या राजीनामा देता येणार नाही. संपादकाला तीन महिने आधी कळवावं लागतं. बाबांचाच नियम आहे, हा काय भिंतीवर.”

आणि खरंच होता. काचेच्या चौकटीत, वडिलांच्या अक्षरात, पिवळा पडलेला. सव्वीस वर्षं तो कागद आमच्या डोक्यावर होता आणि माझ्या सवयीप्रमाणे तोही मी कधी वाचला नव्हता. बाईंनी डोळे मिटले. मला तीन महिन्यांच्या पायऱ्या दिसल्या, बत्तीस गुणिले रोज.

मग डोळे न उघडताच त्या मला म्हणाल्या, “तुमची एक ओळ राहिली आहे. त्याच्या खालचा नियम वाचा.”

मी स्टुलावर चढून वाचला. संपादकास वर्षाला एक महिना रजा. न घेतलेली रजा साठत राहील.

साठत राहील म्हणजे काय, हे मालकाला समजायला थोडा वेळ लागला. एकोणीस वर्षं, एकोणीस महिने. बाईंनी तोवर राजीनामा फाडला होता आणि रजेचा अर्ज लिहून संपवला होता. त्यांना अनुभव होता. शाळेतली ती पंधरा दिवसांची रजा तेव्हाही चालूच होती. मालक म्हणाला, ताई, हे आपण उद्या... बाई म्हणाल्या, उद्या मी नाही. त्यांनी ड्रॉवरमधून वडिलांचा मृत्युलेख काढला, दोन कॉलम, आणि उद्यासाठी म्हणून मालकाच्याच हातात दिला. छत्री घेतली. खुर्चीवरचा कोट घेतला. सोळाव्या पायरीवर थांबल्या नाहीत, आठव्यावरही नाही. उतरताना माणूस थांबत नाही म्हणा.

मृत्युलेख दुसऱ्या दिवशी छापून आला. शहरानं हळहळ व्यक्त केली आणि वयाच्या मानानं शेवटपर्यंत हात चालत होता याचं कौतुक केलं. गुन्ह्यांच्या बातम्या लिहिणाऱ्याला मालकानं बाईंच्या जागी बसवलं. तात्पुरता, पंधरा दिवसांसाठी. शेजाऱ्यानं त्याचे पहिले चार अग्रलेख वाचले आणि म्हणाला, गेल्यापासून म्हाताऱ्याचं लिखाण पडलंय.

एकोणीस महिने कधीच संपले. पण संपादक रजेवर असली तरी संपादकच, आणि संपादकाची रजा साठत राहते. बाईंनी हिशेब मालकावर सोडला आणि मालकानं उद्यावर. ओळ आहे तशी आहे. मी ती आता रोज तपासतो, कुणी सांगितलेलं नसताना.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. ती गादी आता पलंगावर आहे. पावणेपाचला दाराखालून पेपर सरकला तेव्हा बाई झोपेत होत्या. उठून बसल्या, पहिलं पान बघितलं नाही, अग्रलेख बघितला नाही. पेपर उलटा केला, भिंग घेतलं आणि तळाची एक ओळ वाचली. मग भिंग उशाशी ठेवून कुशीवर वळल्या आणि उरलेली झोप पुरी करायला लागल्या. मी दार ओढून घेतलं.